एकच फाटक

साहेबांनी पत्र्याच्या नळकांड्यातून काढून दिला
बागेचा जुना नकाशा.
कापडावर डकवलेला, कडेनं कसरीनं खाल्लेला,
नाल्याची रेघ निळी होती कधीतरी.
म्हणाले, आवळे मॅडम, याची स्वच्छ प्रत करा
आणि उत्तरेला एक फाटक वाढवा,
सकाळच्या पासवाल्यांसाठी.
त्यांना गर्दीतनं यावं लागतं.

मोडी मी शिकले रविवारच्या वर्गात,
भत्ता वाढतो म्हणून.
भत्ता वाढला नाही, मोडी राहिली.
भिंगाखाली समासातल्या मुंग्या
एकेक करून अक्षरं झाल्या :

*फाटक येक असावे.*

*वाट दाहा हात. दोन घोळके समोरासमोर आले
तरी कोणी खाली उतरू नये.*

*कारंजे नको. नळ ठेवावा,
मधल्या चौकात, झाडाआड नव्हे.*

*बाकांस पाठ नसावी.*

खाली सही, दस्तगीर मुजावर, नकाशनवीस,
आणि सहीच्या शेपटाला शाईचा एक ठिपका,
जणू अजून काही लिहायचं होतं
आणि कोणीतरी हाक मारली.

मी तोवर समजत होते, बाग म्हणजे फुलं.
दहा हात वाट का, हे मला कुणी सांगायला नको.
आमच्या घरात वाटेवरून खाली उतरलेले पाय
अजून मोजता येतात.

आजोबांची थोरली बहीण गोजरा
त्या बागेत पाला गोळा करायची.
ती सांगायची, नळ होता, चौकात होता,
पण आम्ही टळटळीत दुपारीच प्यायचो,
कुत्रं पण फिरकत नाही तेव्हा.
नकाशा काढला म्हणून मान लगेच वर होते व्हय?

मग एका चैत्रात शुक्रवार पेठेतली एक बाई
भर दुपारी आली, कडेवर पोर.
गोजरा ओंजळ धरून वाकलेली.
सरकली बाजूला, सवयीनं,
तर वाट संपेचना.
दहा हातांत किती सरकणार?
बाईनं मागं बघितलं. फाटक एकच, लांब, उन्हात.
पोर रडत होतं.
बाईनं नळाखाली ओंजळ धरली.
नळ मघाशी गोजरानं सोडलेला,
तसाच वाहत होता.

एवढंच.
कोणी कोणाला ताई म्हणालं नाही.
बाई दुसऱ्या दिवशी आली नाही,
की आली, गोजराला आठवत नव्हतं.
तिला आठवायचं ते पोराचं पाणी पिताना थांबलेलं रडू,
आणि ती ते आवाजासकट करून दाखवायची,
गुटुक, गुटुक, गुटुक.

साडेचारला साहेब डोकावले.
झालं का फाटक?
मी म्हणाले, जागेवर बघून येते,
नकाशात उतार कळत नाही.
खोटं नव्हतं अगदी.

नळ गंजलाय. कारंजं मात्र आलंय मधे कधीतरी,
दोन हंस, एकाची चोच गेलेली.
पासवाले सकाळचे, आता कोणी नव्हते.
तालमीतली पोरं आखाड्याच्या मातीसकट पसरलेली,
एक म्हातारा भडंगाच्या पुडीचा कागद वाचत,
दूधकट्ट्याकडं निघालेली म्हैस
फाटकातून आत बघून, नको म्हणून पुढं.

बाकावर बसले.
बऱ्याच बाकांना नंतर लोखंडी पाठी लावल्यात,
देणगीदारांची नावं कोरून.
हे एक राहिलंय, कडुलिंबाखालचं,
दगडी, मुजावरांच्या मापाचं.

पलीकडच्या बाजूनं कोणीतरी येऊन टेकलं.
बांगड्या वाजल्या, पिशवी ठेवल्याचा आवाज,
आणि हुश्श.
दगड अरुंद. पाठीला पाठ लागली.
मी वळून बघितलं नाही, तिनंही नाही.
ब्लाऊज घामानं ओला होता,
तिचा की माझा, कळेना.

पर्समध्ये पट्टी होती, पेन्सिल होती.
उत्तरेची भिंत समोरच होती.